सरासरी आणि लय : दोन ग्राफिक्स कार्डांच्या इतिहासातून

वृत्ते शिकवताना एक अनुभव दरवर्षी येतो. विद्यार्थी मंदाक्रांतेतली ओळ रचून आणतो. अक्षरे मोजावीत तर बरोबर सतरा; गण पाडावेत तर म, भ, न, त, त आणि शेवटी दोन गुरू, सारे बिनचूक. आणि तरीही ओळ म्हणताना जीभ अडखळते. चौथ्या अक्षरानंतर आणि पुढे सहा अक्षरांनंतर जी यती यायला हवी, ती एखाद्या शब्दाच्या पोटात जाऊन पडलेली असते. हे दाखवले की विद्यार्थी म्हणतो, “पण मोजणी तर बरोबर आहे!” त्याचे म्हणणे खोटे नसते. मोजणी बरोबर असते; फक्त जे मोजायला हवे होते ते त्या मोजणीत आलेले नसते.

मोजणी आणि अनुभव यांच्यातला हा तंटा साहित्यापुरता मर्यादित नाही. संगणकावरील खेळांच्या दुनियेत तो जवळजवळ वीस वर्षे चालला, आणि त्याचा विषय वरकरणी अगदी बाजारी होता : हाती असलेल्या पैशांत एकच वेगवान ग्राफिक्स कार्ड घ्यावे, की त्याहून साधी दोन कार्डे घेऊन ती जोडावीत? या प्रश्नाचे उत्तर कसे बदलत गेले, हे पाहताना समीक्षेच्या विद्यार्थ्याला आपल्याच घरची काही भांडणे आठवल्यावाचून राहत नाहीत.

शाळेतली काळ-काम-वेगाची गणिते आपण सर्वांनी सोडवली आहेत. एक गवंडी एक भिंत दोन दिवसांत बांधतो, तर दोन गवंडी ती किती दिवसांत बांधतील? उत्तर एक दिवस. या उत्तरामागे एक गृहीत दडलेले असते : काम हवे तिथे तोडता येते आणि तोडलेले तुकडे पुन्हा जोडायला वेळ लागत नाही. दोन कार्डांचा सगळा इतिहास म्हणजे या गृहीताची परीक्षा होय.

पडद्यावरील हालता देखावा ही खरे तर स्थिरचित्रांची मालिका असते. अशा एका पूर्ण स्थिरचित्राला फ्रेम म्हणतात. चित्रपटाच्या फ्रेमा आधीच तयार असतात. खेळात मात्र खेळणारा क्षणोक्षणी काय करतो त्यावर पुढची फ्रेम ठरते, म्हणून ती त्याच क्षणी रचावी लागते. सेकंदाला साठ फ्रेमा हव्या असतील, तर एका फ्रेमेला सुमारे १६.७ सहस्रांश सेकंद मिळतात. तेवढ्या अवधीत देखाव्यातील हजारो त्रिकोणांची जागा ठरवायची, कोण पुढे कोण मागे ते पाहायचे, आणि पडद्यावरच्या लाखो बिंदूंना रंग द्यायचा. हे काम करणारा कारागीर म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

दोन कार्डांची पहिली गाजलेली जोडी १९९८ सालची. कॅलिफोर्नियातील ‘थ्रीडीएफएक्स’ या कंपनीने त्या वर्षी ‘व्हूडू टू’ हे कार्ड बाजारात आणले. ते केवळ त्रिमितीय चित्रे काढी. नेहमीच्या खिडक्या आणि अक्षरे दाखवण्यासाठी संगणकात दुसरे साधे कार्ड लागेच. एक व्हूडू टू खेळाचे चित्र ८०० गुणिले ६०० बिंदूंपर्यंत काढू शके. पण तशीच दोन कार्डे शेजारी बसवून एका छोट्या फितीने जोडली, की चित्र १०२४ गुणिले ७६८ बिंदूंचे होई आणि वेगही जवळजवळ दुप्पट होई. या जोडणीला कंपनीने ‘स्कॅन-लाइन इंटरलीव्ह’, म्हणजे संक्षेपाने ‘एसएलआय’, असे नाव दिले होते. पडद्यावरच्या सम क्रमांकाच्या ओळी एका कार्डाने रंगवायच्या, विषम क्रमांकाच्या दुसऱ्याने. गंजिफ्याची पाने दोन हातांत आळीपाळीने वाटावीत तसा हा प्रकार.

या वाटणीतील शहाणपण लक्षात घेण्यासारखे आहे. शेजारशेजारच्या दोन ओळींतील काम जवळपास सारखेच असते, त्यामुळे एकाला जड आणि दुसऱ्याला हलके असे होत नसे. त्या काळी त्रिकोणांची जुळवाजुळव बरीचशी संगणकाचा मुख्य प्रोसेसर करी, आणि कार्डाकडे मुख्यतः रंगकाम उरे; ते ओळीओळीने तोडणे सोपे होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन्ही कार्डे मिळून एकच फ्रेम घडवीत. फ्रेम लवकर तयार होई, आणि पुढचीही तितकीच लवकर. एकाच ओवीचे जाते दोघींनी मिळून ओढावे, तसे ते होते. लय मोडण्याचे कारणच नव्हते. १९९८ साली ज्यांनी तीन कार्डांचा खर्च सोसला, त्यांचा निर्णय चुकला असे म्हणता येणार नाही.

तो निर्णय टिकला नाही, याची कारणे कार्डांच्या बाहेर होती. ग्राफिक्ससाठी एजीपी नावाची नवी, वेगवान खाच मदरबोर्डांवर रूढ झाली; पण अशी खाच मदरबोर्डावर एकच असे. दोन कार्डे बसवायला जागाच राहिली नाही. दुसरीकडे १९९९ साली ‘एनव्हिडिया’ने ‘जीफोर्स २५६’ आणले आणि त्रिकोणांची जुळवाजुळव करण्याचे कामही त्या एकाच चिपवर घेतले. दोन कार्डे जोडता येत नाहीत म्हणून मग एकाच कार्डावर दोन चिपा बसवण्याचे प्रयत्न झाले. ‘एटीआय’च्या ‘रेज फ्युरी मॅक्स’ या कार्डावरील दोन चिपांनी ओळी नव्हे, तर आख्ख्या फ्रेमा वाटून घेतल्या : एक फ्रेम याची, पुढची त्याची. पण विंडोज २००० या प्रणालीत त्यातली दुसरी चिप वापरात येऊच शकली नाही. थ्रीडीएफएक्सने २००० साली ‘व्हूडू फाइव्ह ५५००’ हे दोन चिपांचे कार्ड काढले. चार चिपांचे ‘६०००’ तर बाजारापर्यंत पोहोचलेच नाही. स्वतःच कार्डे बनवून विकण्याचा आतबट्ट्याचा व्यवहार, लांबलेली वेळापत्रके अशी त्या कंपनीच्या अस्ताची इतरही कारणे आहेत, त्यामुळे साऱ्याचा दोष जोडीला देणे योग्य नव्हे. डिसेंबर २००० मध्ये तिची मालमत्ता एनव्हिडियाने विकत घेण्याचे ठरले, आणि ‘एसएलआय’ ही तीन अक्षरेही त्याबरोबर गेली.

ती अक्षरे २००४ साली पुन्हा अवतरली. पीसीआय एक्स्प्रेस या नव्या खाचेमुळे मदरबोर्डावर पुन्हा दोन ग्राफिक्स कार्डांना जागा झाली होती. ‘जीफोर्स ६८००’ मालिकेबरोबर एनव्हिडियाने नवी जोडणी जाहीर केली. नाव तेच, पण अर्थ नवा : ‘स्केलेबल लिंक इंटरफेस’. पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, एटीआयने ‘क्रॉसफायर’ आणले. शब्द जुना आणि अर्थ नवा, हे भाषेच्या अभ्यासकाला नवलाचे नाही. मात्र इथे अर्थाबरोबर श्रमविभागणीही मुळातून बदलली होती, आणि जुन्या नावाच्या पुण्याईमुळे ते अनेकांच्या ध्यानात आले नाही.

आता ओळी वाटून घेणे फायद्याचे राहिले नव्हते. जुळवाजुळवीचे काम कार्डाकडे आले असल्याने, ओळी वाटल्या तरी हे सगळे काम दोन्ही कार्डांना वेगवेगळे करावे लागले असते. पडद्याचे दोन आडवे भाग करून एकेक भाग देण्याचीही सोय होती; पण वरच्या भागात निव्वळ आकाश आणि खालच्या भागात आख्खे सैन्य असले, तर वाटणी कशी करायची? म्हणून बहुतेक खेळांत फ्रेमाआड फ्रेम ही पद्धत स्थिरावली. हिशेबाला ती सर्वांत सोयीची होती. दोन स्वतंत्र कारागीर, प्रत्येकाला पूर्ण चित्र. जिथे ही पद्धत नीट चाले, तिथे सेकंदाला तयार होणाऱ्या फ्रेमांची संख्या जवळजवळ दुप्पट होई.

कंपन्यांना जोडीचे आकर्षण असण्याचे आणखी एक कारण होते. सिलिकॉनच्या तबकडीवर चिपा कोरल्या जातात. चिप जितकी मोठी, तितकी तिच्यात दोष निघण्याची शक्यता जास्त, आणि एक दोषही चिप निकामी करू शकतो. २००८ च्या उन्हाळ्यात हा फरक ठळकपणे दिसला. एनव्हिडियाच्या ‘जीटीएक्स २८०’मधील चिप ५७६ चौरस मिलिमीटरची आणि कार्डाची आरंभीची किंमत ६४९ डॉलर. एव्हाना एटीआय विकत घेतलेल्या ‘एएमडी’चे ‘रेडिऑन एचडी ४८७०’ मात्र २५६ चौरस मिलिमीटरची चिप घेऊन २९९ डॉलरला आले. मध्यम आकाराची चिप बनवावी, आणि शिखरावरच्या गिऱ्हाइकासाठी तशाच दोन एका कार्डावर बसवाव्यात, हे एएमडीचे धोरण होते. त्याप्रमाणे ऑगस्ट २००८ मध्ये ‘४८७० एक्स टू’ आलेही. एनव्हिडियाला आपल्या कार्डाची किंमत काही आठवड्यांतच उतरवावी लागली. ताळेबंदाच्या दृष्टीने पाहता जोडीचा युक्तिवाद इतका भक्कम क्वचितच झाला असेल.

आणि तरीही खेळणारे कुरकुरत होते. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा सेकंदाला पन्नास फ्रेमा सांगत असे, पण डोळ्यांना चाल अडखळती वाटे. या तक्रारीला पुढे ‘मायक्रो-स्टटर’, म्हणजे सूक्ष्म अडखळ, हे नाव मिळाले. मात्र बराच काळ तिला उत्तर मिळे ते असे : आकडा पाहा, तो चांगला आहे, तुम्हाला भास होत असेल. आपल्या विद्यार्थ्याचेच उत्तर, फक्त उलट बाजूने.

अडखळ कुठून येते, हे छोट्या उदाहरणाने समजेल. समजा, चार फ्रेमा प्रत्येकी २० सहस्रांश सेकंदांच्या अंतराने आल्या. एकूण वेळ ८०, सरासरी वीस, म्हणजे सेकंदाला पन्नास फ्रेमा. आता समजा, त्याच चार फ्रेमा १०, ३०, १०, ३० अशा अंतरांनी आल्या. एकूण वेळ ८०, सरासरी वीस, सेकंदाला पन्नास. आकड्यात तिळमात्र फरक नाही. पण डोळा सरासरी पाहत नाही. त्याला दर खेपेला तीसचे लांब अंतर खुपते, आणि त्या अंतराच्या हिशेबाने चाल सेकंदाला तेहेतीस फ्रेमांसारखी जाणवते. दोन कार्डे आपापली फ्रेम आपापल्या वेळी पूर्ण करतात. दुसरे कार्ड पहिल्याच्या नेमके मध्यावर येईल, याची हमी कोण देणार? कधी दुसरी फ्रेम पहिलीच्या पाठोपाठच येऊन ठेपे. ती मोजणीत धरली जाई, पण पडद्यावर तिच्या वाट्याला जेमतेम काही ओळी येत. त्यातही प्रत्येक फ्रेम घडायला लागणारा वेळ मुळात कमी झालेला नसेच. एका वेळी दोन फ्रेमा हाती घेतल्या गेल्याने संख्या वाढे. खेळणाऱ्याच्या बोटाची हालचाल पडद्यावर उमटण्यातला उशीर त्याने निम्मा होत नसे. हीच यतिभंगाची जागा : अक्षरे सतराच, विराम मात्र भलतीकडे.

२०११ साली ‘द टेक रिपोर्ट’चे संपादक स्कॉट वॉसन यांनी या तंट्यात एक साधी पण मूलगामी गोष्ट केली. कार्डांची परीक्षा करताना ‘एका सेकंदात किती फ्रेमा’ हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला, आणि ‘प्रत्येक फ्रेमेला किती वेळ लागला’ असा प्रश्न विचारला. सेकंद हे माप माणसाच्या डोळ्यासाठी फार मोठे आहे; एका सेकंदाच्या पोटात पुष्कळ अडखळी लपू शकतात, हे त्यांनी आलेख मांडून दाखवले. शंभरातल्या नव्व्याण्णव फ्रेमा किती वेळाच्या आत आल्या, असे माप त्यांनी वापरले. म्हणजे सरासरीऐवजी वाईट क्षणांकडे पाहिले. २०१३ मध्ये एनव्हिडियाने ‘एफकॅट’ हे साधन परीक्षकांच्या हाती दिले. त्यात प्रत्येक फ्रेमेच्या कडेला रंगाची एक पट्टी उमटवून, पडद्याकडे जाणारा संकेत जसाच्या तसा टिपला जाई, आणि कोणत्या फ्रेमेच्या वाट्याला पडद्याचा किती भाग आला हे मोजता येई. हे साधन पुरवण्यात एनव्हिडियाचा स्वार्थ होता, हे उघड आहे. क्रॉसफायरची अवस्था त्यात अधिक वाईट दिसली. पण स्वार्थी साक्षीदारही कधी खरे बोलतो. ऑगस्ट २०१३ मध्ये एएमडीने फ्रेमांमधील अंतरे सारखी करणारा ड्रायव्हर दिला, सुरुवातीला काही परिस्थितींपुरताच. ज्याला भास म्हटले गेले होते, त्याच्यावर इलाज निघाला. म्हणजे रोग होता, हे सिद्ध झाले.

नेमक्या याच सुमारास हा प्रश्न त्याच्या सर्वांत शुद्ध रूपात गिऱ्हाइकापुढे आला. मे २०१२ मध्ये एनव्हिडियाने ‘जीटीएक्स ६९०’ विकायला काढले : एका कार्डावर दोन चिपा, किंमत ९९९ डॉलर. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याच कंपनीचे ‘जीटीएक्स टायटन’ आले : चिप एकच पण अवाढव्य, आणि किंमत तीच, ९९९ डॉलर. एकाच घरची, एकाच भावाची दोन उत्तरे. ६९०मध्ये रंगकाम करणारे लहान घटक दोन्ही चिपा मिळून ३०७२, टायटनमध्ये २६८८. जोडीला साथ देणाऱ्या खेळांत सरासरीच्या आकड्यावर ६९० पुढे असे. पण ६९०च्या खोक्यावरील चार गिगाबाइट स्मृती प्रत्यक्षात दोन-दोनच होती, कारण दोन्ही चिपांना सगळी सामग्री आपापल्याजवळ ठेवावी लागे. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घरात असल्या म्हणून ग्रंथसंग्रह दुप्पट होत नाही. टायटनची सहा गिगाबाइट स्मृती खरोखर सहाच होती. वीजही ६९०ला ३०० वॉटपर्यंत लागे, टायटनला २५०. आणि एखाद्या खेळाला जोडी मानवलीच नाही, तर ६९०ची अर्धी किंमत निष्क्रिय बसून राही. बरा दिवस आणि वाईट दिवस यांतले अंतर जोडीच्या बाबतीत मोठे होते. एकट्याचा रोजचा दिवस साधारण सारखा होता.

जोडी चालावी यासाठी पडद्यामागे कोणाला तरी राबावे लागे, हा या कथेचा फारसा न सांगितला जाणारा भाग आहे. प्रत्येक मोठ्या खेळासाठी कार्ड-कंपनीचे अभियंते ड्रायव्हरमध्ये वेगळी तजवीज करीत. हे काम दिवसेंदिवस अवघड होत गेले, कारण चित्रणाच्या नव्या पद्धती मागच्या फ्रेमेतील माहिती वापरून पुढची फ्रेम सुधारू लागल्या. मागची फ्रेम दुसऱ्याच कार्डाच्या स्मृतीत असेल, तर ती मागवून घेण्यात वेळ जाणार, आणि मिळवलेला वेग तिथेच खर्ची पडणार. जी फ्रेम आधीच्या फ्रेमेवाचून अपुरी आहे, तिला स्वतंत्र तुकडा मानून वाटता येत नाही. २०१५ साली आलेल्या डायरेक्टएक्स १२ने ही जबाबदारी ड्रायव्हरकडून काढून मोठ्या प्रमाणात खेळ रचणाऱ्यांवर सोपवली. मोजक्याच गिऱ्हाइकांकडे दोन कार्डे असताना हा भार बहुतेकांनी उचलला नाही, आणि त्यात त्यांचे चुकले असे म्हणवत नाही.

पुढचा उतार झपाट्याचा होता. २०१६ मध्ये ‘जीफोर्स १०’ मालिकेत एनव्हिडियाने दोनच कार्डांच्या जोडणीवर भर दिला आणि तीन-चार कार्डांची वाट जवळजवळ बंद केली. २०१७ पासून एएमडीने नव्या कार्डांसाठी ‘क्रॉसफायर’ हे नाव मागे टाकले. २०२० च्या ‘आरटीएक्स ३०’ मालिकेत जोडणीची सोय केवळ ‘३०९०’ या कार्डापुरती उरली, आणि १ जानेवारी २०२१ पासून जुन्या कार्डांसाठी खेळागणिक नवी तजवीज करणे एनव्हिडियाने थांबवले. २०२२ च्या ‘आरटीएक्स ४०९०’वर जोडणीची खाचदेखील नव्हती.

यावरून “एकटा बरा, जोडी वाईट” असा सुविचार फळ्यावर लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. पण इतिहास तो लिहू देत नाही. अनेक लहान प्रोसेसर जोडून मोठे काम करण्याची किमया पुण्यातच घडली आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला, तो ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर मोठ्या संख्येने एकत्र जोडूनच. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे घडवताना हजारो ग्राफिक्स चिपा एकत्र राबतात, त्याही याच कंपन्यांच्या. शिवाय ज्याला आपण ‘एकटा’ म्हणतो, त्या टायटनच्या पोटात २६८८ घटक एकोप्याने काम करीतच होते. तेव्हा प्रश्न एक की अनेक, हा नव्हताच. शिवण कुठे घालायची आणि तिच्या पलीकडे कोण वाट पाहत आहे, हा होता. परमवरच्या मोठ्या आकडेमोडीत एकूण काम किती वेळात संपले, हे महत्त्वाचे. त्यातला एखादा टप्पा थोडा लवकर झाला की उशिरा, याने कोणाचे अडत नाही. खेळात मात्र दर १६.७ सहस्रांशाला एक माणूस वाट पाहत असतो. एका चिपेच्या आतील घटकांची स्मृती सामायिक असते आणि ते एकाच फ्रेमेवर राबतात. दोन कार्डांची शिवण स्मृतीतून आणि काळातून जात होती. व्हूडू टूची शिवण ओळींमधून जात होती, म्हणून ती दिसली नाही. नंतरची फ्रेमांमधून गेली, म्हणून दिसली.

आज खेळासाठी कार्ड घेऊ पाहणाऱ्याला उत्तर सोपे आहे : परवडेल तेवढे चांगले एकच घ्यावे. उत्तर सोपे झाले, म्हणजे प्रश्न संपला असे मात्र नाही. जवळजवळ दशकभर हजारो लोकांना जे प्रत्यक्ष जाणवत होते, ते एका चुकीच्या मापामुळे अमान्य होत राहिले. तो आकडा खोटा नव्हता, कोणी लबाडीने रचलेलाही नव्हता. त्याने फक्त अनुभवाचा एक पैलू सांगितला आणि आपण तो संपूर्ण अनुभव मानला. ज्यांनी आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला, त्यांनाही केवळ “मला असे वाटते” म्हणून न्याय मिळाला नाही. वॉसन यांनी जाणिवेला शोभेल असे बारीक माप घडवले, तेव्हा तो मिळाला. कविता वाचून “काहीतरी खटकते” म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला आपण गप्प बसवू नये, आणि तेवढ्यावर सोडूनही देऊ नये. कितव्या अक्षरावर खटकते, हे त्याला शोधायला लावावे.